बिनफ्रीव्हीलची सायकल

माझा पहिला प्रश्न होता, ह्या सायकलला आवाज का नाही?

सायकल नुसती ढकलत नेली की मागच्या चाकातून टिकटिक येते. आठव्या वर्षापासून मी ते ऐकत आलोय. प्रियाची सायकल मात्र मुकाट्याने फाटकातून आत आली, आणि वर कोणी बसलेलं नसताना तिची पायडलं आपली आपण गरगर फिरत होती. मी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला आणि अंगणात उतरलो.

प्रिया म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विठ्ठलची मुलगी. केशवापुरात आमचं एकच घर आहे. खाली मी, वर तो. पोरगी तीन वर्षं बंगळूरला नोकरी करून परत आली ती ही सायकल घेऊनच. रोज तिच्यावरूनच नवनगरला कामाला जायची. मला दोड्डप्पा म्हणते, म्हणजे कानडीत मोठे काका.

"दोड्डप्पा, हिला फ्रीव्हील नाही. चाक आणि पायडल एकमेकांना बांधलेलं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार."

"आणि पाय थांबवला तर?"

"थांबवता येत नाही."

"मग ब्रेक कशाला लागतोय?"

"बघा, कळलं तुम्हाला! पायानेच जोर उलटा लावायचा. हळूहळू थांबते. ब्रेक एकच आहे, पुढच्या चाकाला, डाव्या हाताला. अडीअडचणीला."

डाव्या हाताला! मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

त्याला कारण माझा उजवा हात. दिवाळीच्या तोंडावर दुकानाचं शटर त्याच्यावर पडलं. हाडं जुळली, पण मूठ वळत नाही. कात्री धरता येत नाही, स्कूटरचा कान पिळता येत नाही, ब्रेक दाबता येत नाही. विठ्ठलच्या हातून शटर सुटलं, असं घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तसं त्यानेच सांगितलं. दुर्गदबैलच्या बाजारात आमचं अस्तर, फॉल आणि ब्लाऊजपिसांचं दुकान आहे, आणि तेव्हापासून विठ्ठल मला मागे बसवून तिथे नेतो-आणतो. सकाळी नऊला फाटकाशी स्कूटर चालू करून उभा. मी येईपर्यंत हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

ऑटो आहे की, म्हणाल. आहे. बसही आहे. पण छप्पन्न वर्षांचा माणूस स्वतःच्या दुकानाला स्वतः जाऊ शकत नाही, म्हणजे काय उरलं त्याचं? मी पार्सल आहे काय? मला माझ्या पायाने माझ्या दुकानात जायचं होतं. एवढंच, पण ते एवढंच मला दुसरं काही सुचू देत नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी कुसुमला सांगितलं, मी सायकल शिकणार. बायको माझी, तिने आधी भाकरी ताटात वाढली. मग म्हणाली, "शिकणार? तुम्हाला येत नव्हती होय आजवर?"

"ही वेगळी आहे."

"तुम्हीपण वेगळेच आहात. जमेल."

रविवारी सकाळी रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर माझी शाळा भरली. डोक्यावर प्रियाचं हेल्मेट. मी म्हटलं, बाजूला हो, चाळीस वर्षं सायकल मारलीय मी. डावा पाय पायडलवर ठेवला, उजव्याने दोन ढकलण्या दिल्या आणि टांग टाकायला गेलो. आपण सगळे तसेच चढतो. पण मी ढकललं तसं पायडल माझ्या पायाखालून निघालं वर! पाय त्याच्याबरोबर वर, मी खाली. प्रिया हसून हसून रस्त्यावरच बसली.

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणू नका हं, दोड्डप्पा."

"गप बस. आधी सांगायचं नाही होय?"

"तुम्ही बाजूला हो म्हणालात की!"

मग तिने दाखवलं. आधी सीटवर बसायचं, मागचं चाक किंचित उचलून पायडल हवं तिथे आणायचं, आणि मग निघायचं. मी निघालो. काय सांगू तुम्हाला! सायकल मला चालवतेय की मी तिला, हेच कळेना. पाय जरा ढिले सोडले की खालून धक्का यायचा, आळस कशाला करतोस म्हणून. रस्त्याचा उतार पायाला कळायचा, चढ कळायचा, बारीक खडीसुद्धा कळायची. चाळीस वर्षं त्या रस्त्याने गेलो होतो, तो कोर्टाकडे जाताना इतका उतरता आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

थांबणं मात्र येईना. पायाने उलटा जोर लावायचा म्हणजे नेमकं कधी? पाय वर येताना दाबायचं, की खाली जाताना धरून ठेवायचं? प्रियाला विचारलं तर म्हणे, विचार करू नका, पायाला कळेल. हे काय उत्तर झालं? रात्री जेवण झाल्यावर मी सायकल उलटी करून अंगणात बसलो. डाव्या हाताने चाक फिरवायचं आणि पायडलवर बोट ठेवून ते कुठे किती ओढतंय ते बघायचं. पाय वर येत असताना वरून अंगाचं वजन द्यायचं, हे मला तिसऱ्या दिवशी बोटाला कळलं. पाचव्या दिवशी पायाला. चाक उलटं फिरवलं तर सायकल मागे जाते, हेही कळलं. मी कुसुमला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बरं, आता पुढे जायचं शिका."

विठ्ठल हे सगळं वरच्या गॅलरीतून बघायचा.

तीन आठवड्यांनी मी कोणाला न सांगता, सकाळी साडेसातला, एकटाच निघालो. दुकानापर्यंत जायचं, बंद शटर बघायचं, परत यायचं. घोडामैदान जवळच होतं. रहदारी अजून सुरू झाली नव्हती. मी काय खूश होतो! पाय आपले फिरताहेत, थांबायची जागा आली की वजन मागे, सायकल शहाण्यासारखी हळू होतेय. सगळं जमत होतं.

वाटेत मारुतीचं देऊळ लागतं. आता हे सवयीचं बघा. गाडीवर असलो तरी देवळासमोरून जाताना आपण काय करतो? पाय चपलेतून काढतो आणि हात छातीला लावतो. स्कूटरवर, सायकलवर, मी जन्मभर तेच करत आलोय. मारुती दिसला, माझा उजवा पाय मला न विचारता थांबला आणि चप्पल सोडायला गेला.

पायडल कशाला थांबतंय! त्याने पायाला असा फटका दिला की चप्पल एकीकडे, सायकल दुसरीकडे, आणि मी मारुतीला साष्टांग. तेवढा पूर्ण नमस्कार मी आयुष्यात घातला नव्हता. समोरचा फुलवाला धावत आला. "अय्यो, ह्यांग बिद्री अण्णा?" कसे पडलात म्हणून विचारत मला उठवलं, आणि माझी चप्पल देवळाच्या पायरीवरून आणून दिली. गुडघा फुटला होता, कोपर सोललं होतं. लाज तर विचारूच नका.

घरी लंगडत पोचलो तर विठ्ठल फाटकात. माझा गुडघा बघितला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, ओरडेल. तो ओरडला नाही, तेच वाईट झालं.

"अण्णा, बंद कर हे. मी आहे ना सोडायला? जन्मभर सोडीन मी तुला."

जन्मभर! तो शब्द मला गुडघ्यापेक्षा जास्त लागला. आता ते का, हे सांगतो. आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कुसुमलाही नाही.

शटर विठ्ठलच्या हातून सुटलं नव्हतं. दुकान बंद करताना मोठ्या भावाने वाकून उंबऱ्याला हात लावायचा, कपाळाला लावायचा, आणि मग धाकट्याने शटर ओढायचं, ही आमच्या वडिलांपासूनची, अप्पांपासूनची पद्धत. अप्पा गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर विठ्ठलला गादी काढून काचेचा काउंटर घालायचा होता, मी नाही म्हटलं, आणि तेव्हापासून आमचं बोलणं दुकानापुरतं राहिलं. त्या संध्याकाळी पुन्हा त्यावरूनच वाजलं. रागाच्या भरात त्याने मी वाकायच्या आधीच शटर ओढलं. ते धडधडत खाली येताना मला दिसत होतं. स्वच्छ दिसत होतं. आणि तरी मी हात घातला. माझा नमस्कार झाल्याशिवाय ह्याचं शटर पडतंच कसं, बघू! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दवाखान्यात तो रडत सगळ्यांना सांगत होता, माझ्या हातून सुटलं, माझ्या हातून सुटलं. मी पडल्या पडल्या ऐकलं आणि गप्प बसलो. असू दे म्हटलं, होऊ दे शिक्षा.

पाच महिने त्याने शिक्षा भोगली. मी मागे बसून त्याला शिव्या घालायचो. हळू घाल, खड्डा बघ, कसली गाडी चालवतोस, म्हशी राखायच्या लायकीचा आहेस. तो हसायचा. कधी कधी म्हणायचा, अण्णा, तुला आठवतंय काय, अप्पा आपल्याला एकाच सायकलवर बसवून न्यायचे? मी म्हणायचो, समोर बघ. आणि तो आता जन्मभर म्हणत होता. मी माझ्या पायाने दुकानात पोचल्याशिवाय त्याला ते सांगू शकत नव्हतो. त्याच्याच गाडीवर मागे बसून कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून पुन्हा सुरू केलं. प्रियाने चपला बंद केल्या, नाडीचे बूट आणले. कापडवाला आणि बूट! पण घातले. देवळाचा प्रश्न उरला होता. पाय चालू ठेवून नमस्कार केला तर चालतो काय, असं कुसुमला विचारलं. ती म्हणाली, "देव काय ट्रॅफिक पोलीस आहे होय? मनात करा." मग मी देवळासमोरून सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा गेलो. पहिल्या दिवशी पाय थबकायचा, धक्का बसायचा, मी सावरायचो. बाराव्या दिवशी पाय फिरत राहिले आणि तोंडाने जय बजरंगबली म्हणून झालं. फुलवाल्याने टाळ्या वाजवल्या.

एप्रिलमधल्या एका सोमवारी विठ्ठल नऊला स्कूटर चालू करून उभा होता. मी हेल्मेट घालून सायकल बाहेर काढली. प्रिया आता बसने जायची, सायकल मलाच दिली होती तिने.

"तू हो पुढे," मी म्हटलं. "मी येतो."

त्याने स्कूटर वळवली, पण पुढे गेला नाही. माझ्या मागे आला. अख्खा रस्ता, पहिल्या गियरमध्ये. माझ्या जवळून कोणी ऑटोवाला गेला की हा मागून हॉर्न वाजवायचा. कोप्पीकर रोडला तर त्याने एका टेम्पोलाच थांबवून धरलं. मी वळून बघितलं नाही, बघता येतच नव्हतं. माझं लक्ष पायात होतं. हातगाड्या, पोत्यांचे हमाल, मध्येच उभी राहिलेली गाय, सगळ्यातून पाय मला वाट काढून देत होते. दुर्गदबैलच्या गर्दीत वजन मागे टाकत, हळू करत करत, मी बरोबर आमच्या पायरीशी थांबलो. ब्रेक लावावा लागला नाही.

घामाने निथळत होतो. इतका आनंद मला कधी झाला होता, आठवत नाही. विठ्ठलने स्कूटर लावली, शटर वर केलं, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. मग चाव्या हातात घेऊन पायरीवरच बसला.

"आलास की रे, अण्णा," तो म्हणाला. हसत होता, पण डोळे भरले होते. "आता उद्यापासून नऊला मी काय करू?"

मी त्याच्या शेजारी बसलो. बूट काढायचे राहिले तसेच.

"विठ्ठल, शटर तुझ्या हातून सुटलं नव्हतं. मी बघून सवरून हात घातला. रागाने. आणि तू स्वतःला दोष देत होतास तेव्हा गप्प बसलो. पाच महिने. मला माफ कर."

तो चाव्यांकडे बघत होता. समोरचा दुकानदार कापडाचा तागा झटकत होता.

"ठाऊक आहे," विठ्ठल म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"मी बघत होतो तुझ्याकडे. हात आलेला दिसला मला. धरायला गेलो शटर, जमलं नाही."

"मग सगळ्यांना हातून सुटलं म्हणून का सांगत सुटलास?"

"आधी आपलं सुचलं ते बोललो. तू हट्टाने हात घातलास म्हणून लोकांत कसं सांगू? नंतर घरी तुला खरं विचारणार होतो."

"मग विचारलं का नाहीस?"

"मग तू माझ्या गाडीवर बसायला लागलास," तो म्हणाला. "दोन वर्षं तू माझ्याशी अस्तराच्या रंगाशिवाय काही बोलला नव्हतास, अण्णा. गाडीवर निदान शिव्या तरी घालायचास. खरं विचारलं असतं तर बसला असतास काय?"

बसलो नसतो. ते त्यालाही ठाऊक होतं.