फक्त प्रश्न विचारायचे

सल्ला न देता दोन तास बसणं हे माझ्यासारख्याचं काम नव्हे. माझं सगळं आयुष्य इंडियानातल्या गाईघोड्यांवर उपचार करण्यात गेलं. जनावर बोलत नाही, म्हणून आपणच ठरवायचं आणि आपणच बोलायचं, ही सवय. त्यामुळे रुथअ‍ॅना पिकरिंगच्या बैठकीला मला बोलावलं तेव्हा माझी बायको म्हणाली, "मर्ल, तोंडात बोळा कोंबून जा."

आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती मंडळींत पाद्री नसतो. रविवारी सभाघरात सगळे गप्प बसतात. कुणाला आतून काही उमगलं तर तो उठून बोलतो. आणि एखादा माणूस मोठ्या निर्णयापाशी अडला, तर तिघेचौघे त्याच्यासोबत बसतात. नियम एकच. सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे, तेही ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असे.

रुथअ‍ॅना अशीच अडली होती. आमच्या गावात शाळेच्या बसच्या सीट बनवणारा कारखाना आहे. तिथलं सगळं उत्पादन ती पाहायची. मालक एल्डन आता थकला होता, त्याच्या मुलांना कारखान्यात रस नव्हता. तो तिला म्हणाला, "तू प्रमुख हो, नाहीतर मी विकून मोकळा होतो." गिऱ्हाईक टेक्सासचं होतं. विकलं असतं तर यंत्रं तिकडे गेली असती आणि माणसं इथेच राहिली असती.

पण रुथअ‍ॅनाच्या मनात वेगळंच होतं. हॉस्पिटलात मरणाला टेकलेल्या माणसांपाशी बसायचं, त्यांच्यासोबत प्रार्थना करायची, याचं शिक्षण घ्यायला तिला प्रवेश मिळाला होता. देवाला आपल्याकडून काहीतरी हवंय असं तिला लहानपणापासून वाटायचं. ते बसच्या सीट नक्कीच नसणार, अशी तिची समजूत होती.

आम्ही थिओडोराच्या स्वयंपाकघरात बसलो. थिओडोरा म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण. बैठकीची सूत्रं तिच्याकडे. तिसरा अर्नेस्टो, छपरं शाकारण्याचा धंदा करणारा, मूळचा मेक्सिकोचा, आमच्यात येऊन बरीच वर्षं झालेली. आधी सगळे शांत बसलो. मग रुथअ‍ॅनाने सगळी हकिकत सांगितली.

मला राहवेना. "रुथअ‍ॅना, तुला असं नाही का वाटत, की कारखाना बंद पडला तर गावाचं..."

"मर्ल," थिओडोरा म्हणाली, "हा प्रश्न नाही. सल्ल्याला टोपी घातलीय नुसती."

अर्नेस्टो हसला. मी कॉफीत तोंड घातलं.

मग थिओडोरानेच विचारलं, "तू प्रार्थनेला बसतेस, तेव्हा डोळ्यांसमोर कोण येतं?"

रुथअ‍ॅना बोटांवर मोजू लागली. "डेल्बर्ट. फोम कापतो तो. त्याला हल्ली ऐकू कमी येतं आणि तो लपवतो. त्या यंत्रावर ते धोक्याचं आहे. मग योलांडा. तिची आई अंथरुणाला खिळलीय, तिला सकाळची पाळी कशी द्यावी याचा विचार येतो. शिवणकामातल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत..." ती एकदम थांबली. "अगंबाई! मी प्रार्थनेत पाळ्या लावत बसते."

"आणि हॉस्पिटलातलं कोण येतं?" अर्नेस्टोने विचारलं.

"कुणीच नाही," ती हळूच म्हणाली.

माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती. दहाही गिळली.

तिचा चेहरा मात्र उजळला नाही, उलट उतरला. "खरं सांगू? मला प्रमुख व्हायला आवडेल. मी सांगितलं की काम हलतं, माणसं ऐकतात, ते मला फार आवडतं. याचीच भीती वाटते. हा देवाचा आवाज नसेल, माझाच असेल."

अर्नेस्टोने टोपी मांडीवर ठेवली. "आवडतं ते देवाचं नसतंच, हे तुला कुणी शिकवलं?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तिला रडू आलं. "बाबांनी," एवढंच म्हणाली. तिचे वडील मला माहीत होते. सणाला गोडधोड केलं तरी त्यात साखर घालू न देणारा माणूस.

त्या दिवशी काही ठरलं नाही. ती डोळे पुसून घरी गेली. पुढच्या आठवड्यात तिने एल्डनला होकार दिला आणि आम्हा तिघांना फोन केला. "मी खुर्चीत बसतेय. पण तुम्ही सुटला नाहीत. दर तीन महिन्यांनी मला समोर बसवून प्रश्न विचारायचे. माणसं ऐकायला लागली की आपल्याला ऐकू येईनासं होतं."

पहिलं काम तिने डेल्बर्टचं केलं. त्याला यंत्रावरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

आणि पहिल्याच हिवाळ्यात मागणी घटली. हिशेबनीस म्हणाला, दुसरी पाळी बंद करा, दुसरा उपाय नाही. रुथअ‍ॅनाने सगळ्यांना कारखान्यात एकत्र बोलावलं, अडचण जशीच्या तशी सांगितली आणि म्हणाली, "जरा वेळ गप्प बसू. मग बोला."

डेल्बर्टला नव्याने लावलेल्या श्रवणयंत्रातून तेवढंच नेमकं ऐकू आलं. "मॅडम, हा कारखाना आहे की चर्च?"

"कारखानाच आहे, डेल्बर्ट. म्हणूनच विचारतेय. मला उत्तर सापडलेलं नाही."

लोक हसले, चुळबुळले, मग खरंच गप्प झाले. त्यानंतर योलांडा उठली. सगळ्यांनीच आठवड्यातल्या एका दिवसाचं काम आणि पगार सोडला तर? वादावादी झाली. शेवटी बहुतेकांनी मान्य केलं. रुथअ‍ॅनाने आपला पगार त्याहून जास्त कापला. तरी काही जण नोकरी सोडून गेले, आणि त्यातला एक अजून तिला रस्त्यात ओळख देत नाही. हे तिला लागतं.

वसंतात दोन मोठ्या जिल्ह्यांच्या शाळांचं काम आलं आणि पूर्ण आठवडा पुन्हा सुरू झाला. गेलेल्यांना तिने स्वतः घरी जाऊन बोलावलं. दोघे परत आले.

परवा आम्ही पुन्हा बसलो होतो. तिच्या बोटांना गोंद लागला होता. सीटवर फोम चिकटवायला माणूस कमी होता म्हणून स्वतः उभी राहिली होती. मी विचारलं, "रुथअ‍ॅना, त्या ओळख न देणाऱ्यासाठी तू प्रार्थनेत काय मागतेस?"

उत्तर मला खरंच ठाऊक नव्हतं. थिओडोराने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

रुथअ‍ॅनाने बोटांवरचा गोंद खरवडला. मग म्हणाली, "त्याला चांगली नोकरी मिळावी, हे मागते. आणि ती माझ्याकडेच मिळावी, असंही मनात येतं. तेवढं अजून सुटलेलं नाही."

"बरं," थिओडोरा म्हणाली, आणि आम्ही चौघं पुन्हा शांत बसलो. खिडकीबाहेर पहिल्या पाळीची माणसं गाड्यांतून घरी निघाली होती.