ऑर्व्हिलची पाळी

अमेरिकेतल्या डुलूथ गावच्या आम्हा पाच म्हाताऱ्यांचा शनिवार ठरलेला असतो. पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचं, आपापल्या रेकॉर्डी न्यायच्या, आणि आवाजाच्या बटणाला हात लावायचा तो फक्त यजमानाने. पाहुण्याने बटण फिरवणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरच्या भांड्यात मीठ टाकणं.

ऑर्व्हिल नीमीने मात्र वर्षभर आपली पाळी चुकवली. कधी छत गळतंय, कधी बायकोला सर्दी. मग एकदम फोन आला, "डेल, माझा स्टिरिओचा सगळा संच घेऊन जा. फुकट."

मी चिडूनच गेलो. पोटाला चिमटा काढून जमवलेली वस्तू कुणी अशी देऊन टाकतं?

"मन उडालं रे," ऑर्व्हिल म्हणाला. हात मांडीखाली दाबून बसला होता.

"थापा मारतोय," त्याची बायको मार्लिस कॉफी ठेवत म्हणाली. "हात कापतात त्याचे. आवाजाचं बटण फिरवायला मला हाक मारावी लागते, तर मेल्याहून मेल्यासारखं होतं याला."

"मार्लिस!"

"काय मार्लिस? डेल काय परका आहे?"

मला फार वाईट वाटलं. आणि इतक्या वर्षांच्या मित्राने हे लपवलं म्हणून रागही आला.

"लाव बघू," मी म्हणालो.

त्याने रेकॉर्ड लावली, थरथरतं बोट बटणावर ठेवलं. बटण जेमतेम हललं आणि पियानो धाडकन अंगावर आला. कुत्रं सोफ्याखाली पळालं. तो मागे फिरवायला गेला तर सगळंच गप्प.

"पाहिलंस?" ऑर्व्हिल खाली बघत म्हणाला. "असला यजमान काय कामाचा?"

मी सरळ नियम मोडला आणि बटण स्वतः फिरवलं. आधी शांतता, मग नखभर पुढे गेलो तर गर्जना. माझा हात तर चांगला धडधाकट आहे!

"अरे गाढवा, मलाही जमत नाहीये! हा पॉवर अँप कधी घेतलास?"

"गेल्या वर्षी."

तिथेच घोळ होता. त्याचा प्रीअँप, म्हणजे बटणवाला डबा, आवाज पुढे भरपूर सोडणारा. आणि स्पीकर हलवणारा हा नवा पॉवर अँप थोडक्यातच पेटणारा. दोन्ही स्थळं उत्तम, पण जोडा विजोड. बटण नखभर फिरलं की आवाज शिगेला, बाकीचा सगळा फेरा वाया जात होता.

"दोन्ही डब्यांच्या मधे आवाज दाबणारे दोन प्लग लावू. बोटाएवढे असतात."

"कुबड्या? माझ्या तारांत?" ऑर्व्हिल उसळला. "असले प्लग लावणाऱ्यांना आपण हसतो ना रे!"

"हसतो. तू तर सगळ्यांत मोठ्याने."

"मग शनिवारी बाकीच्यांना तोंड कसं दाखवू?"

मार्लिसने कॉफीचं भांडं आपटलं. "ऑर्व्हिल, मला तुझी बटणवाली व्हायचं नाहीये. बायको राहू दे मला."

मी घरी जाऊन प्लग घेऊन आलो.

"इतक्यात कुठून आणलेस?"

"माझ्याच संचामागून काढले," मी म्हणालो. "कुणाकडे बोलायचं नाही."

ऑर्व्हिल माझ्याकडे बघतच राहिला. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

पुढच्या शनिवारी त्याची पाळी होती. आम्ही चौघं दाटीवाटीने सोफ्यावर, मार्लिस स्वयंपाकघरात. ऑर्व्हिल बटणापाशी गेला. हात कापतच होता, बटण जरासं मागेपुढे होत होतं, पण पियानो जागचा हलला नाही. त्याने बटण सावकाश वाढवलं, अर्ध्यापर्यंत नेलं, अर्ध्याच्याही पुढे नेलं.

"ऑर्व्हिल, कमी कर तो आवाज!" आतून मार्लिस ओरडली. "कान फुटतील माझे!"

वर्षभरात तिला असं ओरडावं लागलं नव्हतं. ऑर्व्हिलने आमच्याकडे पाहिलं, नाक ओढलं, आणि बटण आणखी थोडं पुढे सरकवलं.