पोळ्याच्या रंगाचा टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे आणि सध्या फार वैतागलेलो आहे. का ते सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाकुळकुळीत होतो. बोट घालून फिरवायची गोल तबकडी, जड रिसीव्हर आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी घंटी. कन्नडजवळच्या एका गावात दूध सोसायटीच्या टेबलावर मला बसवलं. गावात दुसरा फोन नव्हता. कुणाची म्हैस आजारी पडो की कुणाची सोयरीक जुळो, सगळे माझ्याकडेच धावत यायचे.

पण माझ्या नशिबी सूर्यभान आला. मेंढरं वळणं सोडून तो सोसायटीत शिपाई झाला होता. माणूस जीव लावणारा, पण त्याला एक खोड होती. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली की डबीत थोडा ऑइलपेंट उरायचा. तो वाया कशाला घालवायचा म्हणून सूर्यभान मला फासायचा. एका वर्षी लाल, एका वर्षी निळा. अरे, मी काय बैल आहे? रंग तबकडीच्या फटीत गेला आणि ती अडकायला लागली. गुरांच्या डॉक्टरला लावलेला फोन भलत्याच शिंप्याला लागायचा. घंटीत रंग उतरून तिचा आवाज बसला. शिव्या मात्र मलाच!

एका पोळ्याला त्यानं मला हिरवा रंग दिला. रिसीव्हरवरून शेवटचा हात फिरवून तो ब्रश धुवायला वळला, तोच मी बसक्या आवाजात वाजलो. त्यानं ओला रिसीव्हर तसाच घट्ट पकडला. शहरातल्या दवाखान्यातून त्याचा मुलगा रामेश्वर बोलत होता, "बापू, पोरगी झाली!"

सूर्यभान हिरव्या हातानंच घराकडे पळाला आणि बायकोच्या, सारजाबाईच्या, सणाच्या लुगड्यावर पंजा उमटवून आला. इकडे माझ्या रिसीव्हरवर एका बाजूला त्याची चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला अंगठा उमटून वाळला. त्यानंतर त्यानं मला कधी रंग लावला नाही. पोळ्याला उरलेली डबी घेऊन यायचा, त्या खुणांवर आपली बोटं ठेवून बघायचा आणि दाराची कडी रंगवून परत जायचा.

पुढे मोबाइल आले, सोसायटी बंद पडली. मला न्यायला कुणी आलं नाही, म्हणून सूर्यभाननं घरी नेलं. मग तोही गेला. वीस वर्षं मी धान्याच्या कोठीवर धूळ खात पडलो. यंदा सारजाबाई नातीकडे शहरात, गारखेड्यात राहायला आली, ती मला पिशवीत घालूनच. नात म्हणजे तीच पोरगी, योगिनी. आजीला खूश करावं म्हणून तिनं आजीला न सांगताच मला मुकुंदवाडीत नेलं. तिथं रामकिसनकाका जुने पंखे, रेडिओ दुरुस्त करतात.

"काका, हा सगळा रंग काढा," ती म्हणाली. "नव्यासारखा काळा करून द्या." आणि मला तिथं ठेवून ती घरी गेली.

रामकिसनकाकांचा हात कसबी. त्यांनी माझी तबकडी सोडवली, घंटी खरवडून मोकळी केली. बोटानं टिचकी मारली तशी ती खणखणली. मला वाटलं, सुटलो एकदाचा! मग त्यांनी रिसीव्हर घेतला आणि त्यावर थिनरचा बोळा फिरवायला लागले.

मी आतून ओरडत होतो. आयुष्यभर मी गावाचे निरोप पोचवले, पण स्वतःचं एक वाक्य मला बोलता येईना! ज्या रंगावर मी इतकी वर्षं चडफडलो, तोच वाचावा म्हणून तळमळत होतो. करंगळी गेली. मधलं बोट गेलं. काका गाणं गुणगुणत पॉलिश पेपर घासत होते.

तेवढ्यात दुकानासमोर रिक्षा थांबली. घरी रिकामी पिशवी पाहून सारजाबाई योगिनीला घेऊन तडक आली होती.

"थांब रं भाऊ!" ती दारातूनच ओरडली. "ह्यांची बोटं हायेत ती!"

काका गोंधळले. "मावशी, रंग काढायलाच तर दिला होता ना?"

"मला इचारलं का कुणी?" सारजाबाई योगिनीकडे वळली. "तू झाली तवा तुझ्या आज्यानं ह्योच फोन धरला व्हता. रंग वला व्हता, पण त्यांला लई घाई. दम नाय निघाला."

काकांनी मान खाली घातली. चारही बोटं गेली होती. त्यांनी रिसीव्हर उलटा केला. अंगठा तेवढा शिल्लक होता. योगिनीनं त्यावर स्वतःचा अंगठा ठेवला. तिचा लहान पडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आज्जे, मला माहीतच नव्हतं गं."

"मीबी कुठं सांगितलं व्हतं," सारजाबाई म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली.

आता मी गारखेड्यात त्यांच्या खिडकीत असतो. अंग काळं चकचकीत, रिसीव्हरची एक बाजू हिरवी. पाहुणे विचारतात, "एवढंच काम अर्धवट का सोडलं?" माझा जीव जळतो. फासणाऱ्यानं मला विचारलं नाही, खरवडणाऱ्यानंही नाही. मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा, पण तिला हात लावण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला एकदा विचारा. विचारायला दोनच मिनिटं लागतात.

सारजाबाई रोज दुपारी माझ्यावरची धूळ पुसते. अंगठ्याभोवती फडकं जपून फिरवते. मग रिसीव्हर उलटा करते आणि त्या गुळगुळीत काळ्या जागेवर आपली चार बोटं ठेवून बघते.