डब्यांखालची वाट

काशीपूरच्या त्या इनॅमलच्या कारखान्याला फाटक एकच होतं आणि फाटकासमोरून मालगाडीचा रूळ जात होता. पत्रा आणि कोळसा त्या रुळावरून येई. इंजिन मिळे ते सकाळीच, कामगार यायच्या वेळी. मालगाडीचे डबे फाटकाला आडवे उभे राहत, आत पत्रा उतरत असे, आणि पलीकडे माणसांची गर्दी वाढत जाई.

सातच्या भोंग्यानंतर फाटकाच्या आतल्या फळ्यावरून हजेरीचं टोकन उचलणाऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाई. त्यामुळे माणसं थांबत नसत. दोन डब्यांमध्ये जी साखळी असते, तिच्याखालून वाकून ती आत येत. बायका आधी जेवणाचं गाठोडं पुढे ढकलत, मग स्वतः.

दिगंबर खानोलकर या फाटकाचा अधिकारी होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फोर्ट विल्यम किल्ल्यातल्या कोठाराच्या फाटकावर त्याने काम केलं होतं. तिथे लॉऱ्यांची वाट वेगळी, माणसांची वेगळी. इथे आल्यापासून त्याने वेगळ्या फाटकासाठी तीनदा विनंती केली होती. जागा नाही, असं उत्तर तीनदा मिळालं होतं.

सोमवारी इंजिनाने हिसका दिला तेव्हा पॅकिंगमधली वृंदा साखळीखाली होती. तिचा पदर अडकला. अर्धा पदर तिथेच सोडून ती बाहेर आली.

"पदर गेला, मान राहिली," असं म्हणत तिने टोकन उचललं. मागच्या बायका हसल्या आणि त्याच वाटेने आत आल्या.

दिगंबर हसला नाही. उद्या कुणाची तरी मान जाणार, हे त्याला दिसत होतं. थांबवायला त्याच्या हातात एकच गोष्ट होती. फाटकातून त्याचा हात वर झाला की बॉयलरवाला भोंगा ओढी.

मंगळवारी त्याने हात वर केलाच नाही. डबे उभे होते. पलीकडची माणसं भोंग्याची वाट बघत उभी राहिली. कुणी वाकलं नाही. डबे गेले, रूळ मोकळा झाला, सगळे चालत आत आले, आणि मग भोंगा वाजला.

दुपारी मॅनेजर शरच्चंद्र लाहिरींनी त्याला बोलावलं.

"खानोलकरबाबू, तुम्ही आज सगळा मोहल्ला बंद पाडलात!"

"माणसं नीट आत आली, साहेब."

"माणसं आली, मागोमाग पोलीसही आले. भोंगा नाही म्हणजे संप, असं समजून लोकांनी दुकानं बंद केली. मालकांचा फोन होता. उद्या भोंगा वेळेवर. नाहीतर फाटकावर दुसरा माणूस."

घरीही तेच.

"अहो, लीनाची शाळा बुडाली आज," त्याची बायको कालिंदी म्हणाली. "भोंगा होईना म्हणून मी तिला झोपू दिलं."

"भिंतीवर घड्याळ आहे ना?"

"ते मी भोंग्यावरच लावते."

तो जेवायला बसला आणि दोन घासांत उठला. मागे कुठेतरी बादलीची कडी वाजली तरी त्याला साखळी आठवत होती. अंथरुणावर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. नोकरी गेली तर घर कसं चालवायचं, हा प्रश्न होताच. पण भोंगा वाजला की माणसं पुन्हा वाकणार, आणि तो भोंगा वाजवायला लावणारा हात त्याचाच असणार होता.

बुधवारी डबे यायच्या आधीच त्याने टोकनांचा फळा उचलायला घेतला.

"बाबू, टोकनं फाटकाबाहेर?" दरवान श्यामसुंदर घाबरला. "लोक टोकन घेऊन घरी जातील!"

"जाऊ देत. जिवंत जातील."

दोघांनी फळा रुळापलीकडे नेऊन भिंतीला टेकवला. थोड्याच वेळात डबे येऊन आडवे उभे राहिले. आत परतलेल्या श्यामसुंदरने बॉयलरवाल्याला खूण केली आणि भोंगा वेळेवर वाजला. तोवर बहुतेकांनी टोकनं घेतली होती. हजेरी लागली. आता घाई करायला कारणच नव्हतं. पुरुषांनी बिड्या पेटवल्या. दिगंबरने दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात वृंदा गाठोडं घेऊन साखळीकडे निघाली.

"वृंदादी, कुठे? हजेरी लागली तुमची!"

"हजेरी लागली हो. खिडकी कोण देणार?"

"कसली खिडकी?"

"पॅकिंगच्या खोलीत कधी आलात का, बाबू? खिडकी एक, आम्ही चाळीस. भोंगा झाला की खोली उघडते, जी आधी पोचेल ती खिडकीत बसेल. बाकीच्या दिवसभर पेंढ्याची धूळ खातात."

ती वाकली. तिच्यामागे आणखी चार-पाच जणी सरकल्या. दिगंबरने पुढे होऊन तिचं मनगट धरलं, तशा मागच्याही थबकल्या.

"हात सोडा, बाबू!" कुणीतरी ओरडलं. "बाईमाणूस आहे!"

त्याने सोडला नाही. इंजिन आता हिसका देईल, मग देईल, असं वाटत तो उभा राहिला. डबे हलले नाहीत. गर्दी जवळ आली. वृंदा हात ओढत होती, शिव्या देत होती. बऱ्याच वेळाने इंजिनाने शिट्टी दिली आणि डबे सावकाश, कुणालाही इजा होणार नाही इतके सावकाश, पुढे गेले. तेव्हा त्याने हात सोडला. वृंदा धावत सुटली.

खिडकीत तिच्या आधी दुसरीच कुणीतरी पोचली होती.

तक्रार गेलीच. लाहिरींसमोर दिगंबरने वृंदाची माफी मागितली. हात धरल्याबद्दल मागितली, थांबवल्याबद्दल नाही. फळा पुन्हा आत आणायचा हुकूम झाला. त्याच्या जागी नवा माणूस आणायचा की नाही, ते मालक शनिवारी ठरवणार होते.

तिथून तो थेट पॅकिंगच्या खोलीत गेला. आत शिरताच त्याला शिंक आली. बायका भांड्यांना पेंढा गुंडाळत होत्या. वृंदा मधल्या रांगेत बसली होती. तिने मान वर केली नाही.

एक खिडकी उघडी होती. बाकीच्या भिंतीवर, खिडक्यांच्या जागी, ओळीने फळ्या ठोकलेल्या होत्या. लढाईत बॉम्बच्या भीतीने रात्री उजेड बाहेर जाऊ नये म्हणून त्या ठोकल्या होत्या. लढाई संपून सात वर्षं झाली तरी त्या काढायला कुणी आलं नव्हतं.

"श्यामसुंदर, पहार आण," त्याने दारातून हाक मारली.

"साहेबांना विचारलंत का, बाबू?"

"आधी पहार आण."

पहिली फळी निघायला वेळ लागला. खिळे गंजले होते आणि लाकूड चिरत होतं. वृंदा उठली, जवळ आली, आणि फळीचं दुसरं टोक तिने दोन्ही हातांनी धरलं.

"ओढा," ती म्हणाली. "माझ्याकडे काय बघता?"