बिब्ब्याचे वळ

पारीने सुईच्या टोकाला बिबा टोचला आणि चिमणीच्या ज्योतीवर धरला. बिबा चुरचुरला आणि त्यातलं काळं तेल सुटायला लागलं. समोर तिचा मुलगा चंदर पालथा पडला होता. त्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत सुजून आली होती आणि तिच्यावर पट्ट्याचे वळ उठले होते. पारी एकेका वळावर तेलाचे ठिपके देत गेली.

"दात आवळ," ती म्हणाली. "उद्या उतंल, परवा सूज पळंल."

बिबा उतला म्हणजे कातडीवर फोड येतात, काळे डाग पडतात आणि आतलं दुखणं त्या वाटेने बाहेर निघतं. कासूजवळच्या या कातकरवाडीत कोणी झाडावरून पडो नाहीतर कोणाच्या पाठीत उसण भरो, औषध हेच, आणि ते द्यायचं पारीने. तिच्या हाताला गुण होता. लांबलांबच्या वाड्यांतून माणसं कण्हत यायची आणि चालत जायची.

चंदरची बायको गंगी सुपाने वारा घालत होती. मध्येच ती हवालदाराला शिव्या देई, मग पुन्हा वारा घाली.

झालं होतं ते असं. मुंबईच्या एका मालकाच्या फार्महाऊसवरून पाण्याची मोटार नाहीशी झाली. मालकाने हायवेवरच्या चौकीत सांगितलं. तिथल्या हवालदाराने डोक्याला फार ताण दिला नाही. मोटार गेली म्हणजे कातकऱ्यानेच नेली, असं धरून तो वाडीत आला आणि दारात जाळं विणत बसलेल्या चंदरला उचलून घेऊन गेला. दोन दिवस त्याला चौकीच्या मागच्या खोलीत ठेवून तो 'मोटार कुठंय' एवढंच विचारत होता, आणि विचारताना पट्टा वापरत होता. तिसऱ्या दिवशी मालकाचा मेहुणा मोटार घेऊन हजर झाला. त्याने ती नागोठण्याला वायंडिंगला टाकली होती आणि कोणाला सांगायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मालक हसला, मेहुणाही हसला. चंदरला सोडून दिलं. झालं ते चुकलं, असं म्हणायची चौकीत पद्धत नसावी. सोडताना हवालदार म्हणाला,

"पुढं काय पण हरवलं, तर पहिला तुझ्याकडंच येईन. ध्यानात ठेव."

चंदरला मारापेक्षा हे जास्त लागलं. मार बरा झाला असता. पण आता कोणाची कोंबडी दिसेनाशी झाली तरी तो पट्टा त्याच्याच पाठीवर येणार होता. हवालदार इथून गेला पाहिजे, निदान त्याला वरून कोणीतरी दटावलं पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून सुटल्यासुटल्या तो घरी न येता गडब गावाला कमळाकर म्हात्र्याकडे गेला होता. कमळाकरचं हायवेवर चहाचं दुकान. पूर्वी मिठागरातल्या कामगारांसाठी त्याने पुष्कळ अर्ज खरडले होते आणि दोन साहेबांच्या बदल्या आपण केल्या असं तो गिऱ्हाइकांना सांगे. पण त्या दिवशी त्याच्या घरी साखरचौथीचा गणपती बसला होता. दारात मांडव, आत पाहुणे. चंदर सदरा वर करायला लागला, तसा त्याने त्याचा हात धरला.

"हितं नको रं, बायामाणसं हायेत. गणपती जाऊ दे, मग ये. त्याला आपण सोडत नाय."

चंदर घरी आला. मुलगा असा घरी आल्यावर आईने जे करावं, ते पारी करत होती.

गणपती गेल्यावर कमळाकर खरंच कामाला लागला. दुकानातल्या बाकावर चंदरला बसवून त्याने सगळं समजावलं.

"तक्रार त्याच चौकीत द्यायची नाय. थेट वर द्यायची, जिल्ह्याला. दिली की पोच घ्यायची. आणि डाक्टरचा दाखला जोडायचा. नुसत्या तोंडाला कोण इचारतो?"

मग त्याने पाठ पाहिली आणि हवालदाराला एक सणसणीत शिवी हासडली.

"हाणला का भाजला रं तुला?"

"आयेनं बिबा लावलाय, दादा."

"बरं केलं," कमळाकर म्हणाला आणि लिहायला लागला. त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांवर बिब्ब्याचे जुने डाग होते. त्याला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर नवीन होता, वयाने लहान आणि वागायला बरा. त्याने हातमोजे घालून पाठ दाबून पाहिली.

"हा तर बिबा आहे. मला तसं लिहावं लागेल."

"लिवा साहेब," चंदर म्हणाला. "खरंच हाय त्ये."

दाखल्यावर शिक्का पडला. कमळाकरने तो अर्जाला टाचला आणि अर्ज जिल्ह्याला गेला. वाडीत या गोष्टीचा केवढा बोलबाला झाला! आजवर वाडीतून चौकीकडे माणसं गेली होती. चौकीविरुद्ध कागद पहिल्यांदाच गेला होता.

चौकशी रोह्याला निघाली, सरकारी विश्रामगृहात. पारी ठेवणीतलं लुगडं नेसली आणि चंदर, कमळाकर यांच्याबरोबर कासूला गाडीत बसली. चौकशीचे साहेब सभ्य होते. त्यांनी तिघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. हवालदार बाहेर व्हरांड्यात टोपी मांडीवर घेऊन बसला होता. चंदरने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"दोन दिवस चौकीत ठेवलं म्हणता," साहेब म्हणाले. "चौकीत तशी नोंद नाही."

"नोंद केलीच नाय त्यांनी, साहेब," कमळाकर म्हणाला.

"तुम्ही तिथे होतात?"

"नाय."

"मग राहू द्या." साहेबांनी दाखला पुढे ओढला आणि पारीकडे वळले. "आई, हा बिबा कोणी लावला?"

आत्ता कुठे कमळाकरच्या डोक्यात उजेड पडला. त्याने टेबलाखालून पारीचा पाय दाबला. त्याला अडचण होत असेल असं वाटून पारीने पाय बाजूला घेतला.

"मीच लावला. दुसरं कोन लावील? दोनदा दिला. पयला उतला, मंग पुन्यांदा दिला."

"असं? कसा लावतात?"

पारी सांगायला लागली. जन्मात पहिल्यांदा एखादा साहेब तिला तिच्या औषधाबद्दल विचारत होता. सुई कशी टोचायची, ज्योत केवढी ठेवायची, कोणाच्या अंगाला सोसत नाही, सगळं तिने सांगितलं. साहेबही मान डोलावत, मधूनमधून लिहीत ऐकत होते.

"आणि कातडी काळी पडते?"

"पडते तर! पट्ट्याचे वळपन दिसंना झाले, बघा."

हे साहेबांनी शब्दाला शब्द उतरवून घेतलं. मग टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"आई, आम्हाला शिकवतात. मार बसला नसताना तो दाखवायचा असेल तर लोक बिबा लावतात, असं आमच्या पुस्तकात छापलेलं आहे. डॉक्टरांनीही तशी शक्यता लिहिली आहे."

पारीला क्षणभर कळेना. मग तिचा आवाज चढला.

"मार बसला नसता तं मी बिबा कशाला लावला आसता, साहेब? माज्या पोराला हौसनं भाजीन मी?"

साहेबांनी पेन उचललं नाही. खोटी तक्रार केल्याबद्दल उलट खटला होऊ शकतो, हात तिचा असल्यामुळे तो तिच्यावरही होईल, पण आपल्याला ते करायची इच्छा नाही, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. माराचा पुरावा मिळाला नाही, असं लिहिलेल्या कागदाखाली चंदरने अंगठा दिला. तो आईकडे बघत अंगठा देत होता, हे साहेबांनी पाहिलं असावं. त्यांनी चहाचे पैसेही घेतले नाहीत.

फलाटावर तिघं गाडीची वाट बघत होती. पारी म्हणाली,

"माज्यानं झालं का रं?"

"नाय गो आये," चंदर म्हणाला.

"छे, छे, तुज्यानं कसं?" कमळाकर जरा मोठ्यानेच म्हणाला आणि गाडी कुठवर आली ते बघायला फलाटाच्या टोकाला गेला. दारातल्या मांडवात आपण चंदरचा हात धरला होता, हे त्याला आठवलंच असेल, तर ते त्याने बोलून दाखवलं नाही.

भातकापणी सुरू झाली. एका शनिवारी सकाळी शेजारच्या वाळूने चंदरला खांद्याचा आधार देत वाडीत आणलं. आदल्या संध्याकाळी चंदर कामावरून येत असताना हवालदाराने त्याला चौकीपाशी अडवलं होतं. या खेपेला काही हरवलंही नव्हतं. "माझी तक्रार करतोस काय रे?" एवढंच तो विचारत होता, आणि सकाळपर्यंत विचारत राहिला.

वाळूनेच जाऊन कमळाकरला आणलं. कमळाकर स्कूटर उभी करून आत आला, पाठ पाहिली आणि खाली बसला. पहिल्यापेक्षा वाईट होती. वळ लाल होते, ताजे, पट्ट्याच्या बकलाची खूणसुद्धा ओळखू येत होती.

"अर्ज आजच लिवतो," तो म्हणाला. "पन डाक्टर येताना वाटंतच भेटला. रजेवर चाललाय. सोमवारी येनार, तवर दाखला नाय."

गंगीने तोवर चिमणी पेटवली होती. तिने कोनाड्यातून बिब्ब्यांचा डबा काढला आणि सासूपुढे ठेवला. पारीने डब्याला हात लावला नाही.

"ठेव त्यो."

"अवो, पन त्यांना सोसवत नाय."

"ठेव म्हनलं ना गो."

चंदरने मान वळवली. त्याचा ओठ फाटला होता.

"आये, लाव गो. आग व्हते."

"सोमवारी लावीन," पारी म्हणाली. "सोमवारपातूर ऱ्हाऊ दे तसंच. बघू दे त्यांना."

"तवर मी मरंन गो."

कमळाकर उठला आणि अर्जाचा कागद आणायला बाहेर गेला. पारी मुलाच्या उशाशी बसली. त्याच्या पाठीवर माशी बसू नये म्हणून हात हलवत राहिली. उभ्या जन्मात तिने लोकांची सूज उतरवली होती. आता ती पोटच्या पोराची सूज राखत बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते तिने पुसलंही नाही.

गंगीला बघवेना. तिने माठातल्या पाण्यात फडकं भिजवलं आणि हळूच नवऱ्याच्या पाठीवर पसरलं. चंदरने डोळे मिटले आणि किती वेळाने एक मोठा श्वास सोडला. पारीने त्याला तेवढा श्वास सोडू दिला. मग फडक्याखाली तळवा सरकवून तिने सूज चाचपली. गार पाण्यानेही ती बसते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

तिने फडकं उचललं, पिळलं आणि बाहेर नेऊन दोरीवर वाळत घातलं.