बिनफोडणीचे वरण

महानदीवर शिडाच्या होडीतून जाण्याचा दिवस मीच ठरवला होता. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात तिथी, मुहूर्त आणि पथ्ये मीच ठरवीत आले आहे. माझी नात मीनल भोपाळला नोकरी करते. तिथल्या तलावावर ती शीड हाकायला शिकली आणि दसऱ्याच्या सुट्टीत एक लहानशी होडी गाडीमागे जोडून घेऊन आली. परवा ती परत जाणार होती. माझे वय एकोणऐंशी. पुढच्या दसऱ्याचा भरवसा मी कोणाला देत नाही.

त्या पहाटे नागपूरहून पुतण्या निरंजनचा फोन आला. "काकू, आई गेली. झोपेतच."

मीराबाई, माझी धाकटी जाऊ.

"मी सांगते सगळ्यांना," असे म्हणून मी फोन बंद केला, उशीखाली सरकवला, आणि कोणालाही काही सांगितले नाही.

सांगितले असते तर दहा दिवसांचे सुतक लागले असते आणि होडी अंगणातच राहिली असती. सुतक कसे पाळायचे हे या घराला मीच शिकवले आहे. गेल्या वर्षी अकोल्याचे एक चुलत दीर वारले. त्यांचा चेहराही माझ्या सुनेने, स्नेहलने, कधी पाहिला नव्हता. दोन दिवसांवर तिच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचे, राधिकाचे, लग्न होते. स्नेहलने भरलेली बॅग मी तिला रिकामी करायला लावली. "सुतकात मांडवात पाय ठेवायचा नसतो," एवढेच बोलले. तिने साड्या परत कपाटात रचल्या.

आरंगच्या पुढे माझा मुलगा शेखर याने होडी पाण्यात लोटून दिली आणि गाडी घेऊन तो सिरपूरला निघाला. तिथे तो स्नेहल, मीनल आणि मला उतरवून घेणार होता. मीनलने माझ्या साडीवर नारिंगी जाकीट बांधले.

"आजी, एकदम कॅप्टन लग रही हो!"

"कॅप्टन मी पहिल्यापासून आहे. तू दोर सांभाळ."

शीड फुगले आणि काठ मागे सरू लागला. इंजिनाची धडधड नव्हती. होडीच्या अंगाला घासून जाणाऱ्या पाण्याचा काय तो आवाज. दोन्ही तीरांना काशगवताचे पांढरे तुरे वाऱ्यासरशी वाकत होते. वाळूच्या एका बेटावर बगळे बसले होते आणि आम्ही इतक्या जवळून गेलो तरी त्यांतला एकही उडाला नाही. मला आनंद झाला. त्याच घटकेला नागपुरात मीराबाईला शेवटची आंघोळ घालत असतील, हे ठाऊक असूनही झाला. तो आवरावा म्हणून मी डोळे मिटले, तर वारा तोंडावर अधिकच गोड लागला.

भय होते ते डब्याचे. आदल्या रात्रीच मी स्वयंपाक सांगून ठेवला होता: पुऱ्या, बटाट्याची भाजी, केशर घातलेला शिरा. आज तो शिरा गिळायचा कसा, आणि नको म्हणायचे तर कारण काय द्यायचे?

स्नेहलने डबा उघडला. आत पांढरा भात होता आणि वरण. वरणात हळद नव्हती, फोडणी नव्हती; सुतकात करायला मीच शिकवले होते तसे.

"मम्मी, ये क्या? शिरा किधर है?" मीनल ओरडली.

"रवा जळला माझ्या हातून."

"और पुरी? वो भी जल गई?"

"हव."

"आजी, आज डाँटोगी नहीं इनको?"

मी स्नेहलकडे पाहिले. सकाळी तिचे केस ओले होते. न्हाण्याचा वार नसताना का न्हालीस, असे मी एरवी टोकले असते. आज मी कोणाच्याच डोळ्यांकडे पाहत नव्हते. तीस वर्षांत तिच्या हातून रवा जळलेला नाही, आणि माझ्यासाठी तो जळला असे ती पोरीला सांगत होती.

"रवा जळला नाही, मीनल," मी म्हणाले. "तुझी नागपूरची मीराआजी गेली. पहाटेच. मले माहीत होतं."

मीनलच्या हातातला दोर सैल झाला आणि शीड फडफडले.

"होडी फिरव. परत चल."

"नहीं फिरेगी, आजी. हवा भी पीछे से, धार भी. आता सिरपूरलाच."

मी सुनेला विचारले, "तुले कोणी सांगितलं?"

"तुम्ही फोन बंद केला, तर निरंजन भावजींनी मले केला."

"मग बोलली काहून नाहीस?"

ती ताटात भात वाढत राहिली. "काल संध्याकाळी तुम्ही आरशासमोर ते जाकीट घालून पाहून राहिल्या होत्या, आई." मग वरण वाढून म्हणाली, "राधिकाच्या लग्नाची साडी मी पण तशीच लावून पाहिली होती."

मी जेवले. मीनलने दोर पुन्हा ताणला. सिरपूर येईपर्यंत नदी होती तितकीच सुंदर राहिली, आणि मला ती सगळी पाहावी लागली.

मरणाची वार्ता ऐकली की स्नान करायचे. घाटावर जाकीट सोडून मी साडीनिशी पाण्याकडे निघाले. पायऱ्यांवर शेवाळ होते.

"स्नेहल," मी म्हणाले, "हात देशील का?"

तिने हात दिला आणि स्वतः पहाटेच न्हालेली असून माझ्याबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उतरली.

"सुतक फिटलं की राधिकाकडे जाऊ. तू म्हणशील त्या दिवशी."

"राधिका सासरी नांदून राहिली, आई. मांडव उतरून वर्ष झालं," ती म्हणाली, आणि ओंजळभर पाणी तिने माझ्या डोक्यावर घातले.