रिकाम्या वर्गात ठेवलेला टेपरेकॉर्डर

मास्तरांच्या धाकट्या बहिणीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी मी या घरात आलो. मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मुलींचे बोबडे बोल टिपायला मला आणले होते; पण मास्तरांनी मला मागून घेतले. त्यांना वेगळेच बोल ऐकायचे होते.

मास्तर, कंपाउंडर आणि शिंपीकाका दर रविवारी दुपारी शाळेच्या रिकाम्या वर्गात जमत. कोणाला जिन्यावर पांढरी बाई दिसलेली, कोणाच्या डोक्यावरून दिवा तरंगत गेलेला. त्यावर तासभर खल चाले. मग मला बाकावर ठेवून तिघे गप्प बसत. गेलेल्या माणसांचा आवाज माझ्यात उतरेल, अशी त्यांची आशा होती. आपल्याकडून आवाज झालाच, तर तो लगेच कबूल करायचा, असा मास्तरांचा नियम होता.

"पोट गुडगुडलं ते माझं," कंपाउंडर म्हणत.

"आता कोण येतंय इथं," शिंपीकाका पुटपुटत. मास्तर डोळे वटारत.

कॅसेटी पाचच होत्या. संशयाची खरखर तेवढी राखून मास्तर बाकीचे बोलणे पुसत आणि त्यावरच पुन्हा भरत. खरे सांगतो, ती खरखर माझ्याच मोटरची होती. मला ते सांगता येत नव्हते.

एका सकाळी शिंपीकाका दुकानात कापड बेतता बेतता गेले. त्यानंतर पंधरा दिवसांनी काकू वर्गाच्या दारात आल्या. एरवी त्या टोमणे मारत, "घरात तोंड उघडायचं नाही आणि भुतांशी गप्पा." त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "भावजी, त्यांचा आवाज असेल ना यात? घरी फोटो आहेत, आवाज नाही."

मास्तरांनी एकेक कॅसेट लावली. सगळीकडे खरखर. कंपाउंडरना राहवले नाही. "वहिनी, नीट ऐका. ते तुम्हाला नावानं हाक मारताहेत."

काकूंनी कान लावला. मग मान हलवली. "नावानं त्यांनी मला जन्मात हाक मारली नाही. 'ऐकलंस का' म्हणायचे."

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनी, त्यांचं बोलणं मीच पुसलं. कामाचं नाही म्हणून."

पाचव्या कॅसेटच्या अगदी टोकाला तेवढे निघाले: "शिंक आली ती माझी. खिडकी लावा रे, गार लागतंय."

"पुन्हा लावा," काकू म्हणाल्या. मास्तरांनी सात वेळा लावले.

"लावली होती का खिडकी?" काकूंनी विचारले.

"लावली होती, वहिनी."

मित्रांनो, आता माझा पट्टा तुटला आहे आणि मी कपाटावर पडून असतो. मला दुरुस्त केले नाहीत तरी चालेल. ती कॅसेट मात्र कोरड्या जागी ठेवा. आणि घरातले कोणी साधेसुधे काही बोलत असेल, तर ते बिनकामाचे समजू नका.